साडेबारा तासांचं पहिलं पान

२००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावात भाड्याच्या घरात राहणारे दोन तरुण रोज एकच उद्योग करत होते. इंटरनेटवर हिंडायचं, वाचण्याजोगं काही सापडलं की त्याची लिंक उचलायची आणि आपल्या नव्याकोऱ्या साइटवर आणून टाकायची. टाकताना स्वतःचं नाव मात्र लावायचं नाही. साइटवर लिंक टाकण्याचा जो फॉर्म होता, त्यात बाकीच्यांना दोनच रकाने दिसत: एक लिंकचा, दुसरा मथळ्याचा. या दोघांना तिसराही दिसायचा, तो नावाचा. तिथे मनाला येईल ते नाव टाइप केलं की त्या नावाचा सभासद आपोआप तयार व्हायचा आणि लिंक त्याच्या खात्यावर जमा व्हायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे बरीच माणसं येतात-जातात. प्रत्यक्षात दोघंच होते.

साइटचं नाव रेडिट. तरुणांची नावं स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहेनियन. व्हर्जिनिया विद्यापीठात एका खोलीत राहिलेले हे मित्र फोनवरून जेवण मागवण्याची सोय करून देणारा धंदा काढायला निघाले होते. पॉल ग्रॅहम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच काढलेल्या वाय काँबिनेटर या संस्थेनं ती कल्पना नाकारली, पण माणसं आवडली म्हणून दोघांना परत बोलावलं आणि दुसरं काहीतरी करायला सांगितलं. इंटरनेटचं पहिलं पान बनवा, असं ग्रॅहमनं सुचवलं. १२,००० डॉलरचं भांडवल मिळालं आणि त्या जूनमध्ये साइट उघडली.

खोट्या सभासदांचा हा बनाव पुढे हफमननं स्वतःच जाहीरपणे सांगितला. बनाव तो बनावच, पण त्यामागची जाण खरी होती. रिकामं पान पाहिलेला वाचक दुसऱ्यांदा येत नाही आणि सकाळी पाहिलेलंच पान संध्याकाळी दिसलं तर तिसऱ्यांदा येत नाही. शिवाय आपण स्वतः आवडीनं वाचू असंच ते दोघं टाकत असल्यानं इथे काय आणायचं असतं हे नव्या माणसाला न सांगता कळत गेलं. काही महिन्यांनी असा दिवस आला की हफमननं काहीही टाकलं नाही, तरी पान भरलेलं होतं. अनोळखी माणसं लिंका आणू लागली होती.

संपादक नसलेलं पान ताजं ठेवायचं कसं, या प्रश्नाशी त्यानंतरची दहा वर्षं अनेक हुशार माणसांनी झटापट केली. ही झटापट सहसा अल्गोरिदमची गोष्ट म्हणून सांगितली जाते. अल्गोरिदम त्यात आहेतच, आणि त्यातला एक तर फार देखणा आहे. पण मला ही गोष्ट मुळात थोड्या माणसांची वाटते. अजून कोणीही न पाहिलेल्या कच्च्या ढिगात रोज हात घालून त्यातून चांगलं वर काढणाऱ्या माणसांची. त्यांना जागा राहिली तिथे पान ताजं राहिलं. त्यांची जागा काढून घेतली गेली, तिथे काही आठवड्यांत काय झालं तेही या इतिहासात नोंदलेलं आहे.

या गोष्टीची सुरुवात मात्र रेडिटच्या आठ वर्षं आधीची. सप्टेंबर १९९७ मध्ये मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या गावी रॉब मॅल्डा या तरुणानं स्लॅशडॉट सुरू केलं. संगणकाच्या वेडानं झपाटलेल्यांसाठी बातम्या, असं त्याचं स्वरूप. बातम्या वाचक सुचवत, निवड मात्र मॅल्डा आणि त्याचे मोजके सहकारी करत. तिथे एखाद्या छोट्या साइटची लिंक झळकली की वाचकांच्या लोंढ्यानं त्या बिचाऱ्या साइटचा सर्व्हर कोसळायचा आणि या प्रकाराला ‘स्लॅशडॉट इफेक्ट’ हे नावच पडलं. वाचकांच्या हाती अधिकार दिला गेला तो बातम्यांवर नव्हे, प्रतिक्रियांवर. वागणूक चांगली असलेल्या काही सभासदांना अधूनमधून पाच गुण वाटायला मिळत आणि ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर वाया जात. प्रतिक्रियेची पत उणे एकपासून पाचपर्यंत ठरे आणि गुण देताना कारणही निवडावं लागे. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘खोडसाळ’ अशा श्रेणी देण्याची सोय ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

१९९९ च्या अखेरीस रस्टी फॉस्टर यानं कुरोशिन ही साइट काढून आणखी एक पाऊल टाकलं. आलेला मजकूर आधी रांगेत उभा राही आणि सभासद मतं देऊन तो पहिल्या पानावर जावा, आतल्या विभागात जावा की टाकून द्यावा हे ठरवत. लांबलचक, विचारपूर्वक लिहिलेल्या निबंधांना ती रांग मानवली. ताज्या बातमीला मात्र ती मानवणारी नव्हती. सगळ्यांचं मत होईपर्यंत बातमी जुनी झालेली असे.

लोकांच्या मतांवर चालणारं, पण धावतं पहिलं पान उभं केलं ते डिगनं. टेकटीव्ही या वाहिनीवर दिसणारा केव्हिन रोझ, प्रोग्रॅमर ओवेन बर्न, रॉन गोरोडेट्स्की आणि पुढे कंपनीची सूत्रं हाती घेणारा जे एडेलसन यांनी डिसेंबर २००४ मध्ये ती साइट लोकांसाठी खुली केली. रचना सोपी होती. कोणीही लिंक टाकावी. ती ‘अपकमिंग’ नावाच्या पानावर, म्हणजे येऊ घातलेल्यांच्या ढिगात पडे. तिथे येणाऱ्यांना आवडली तर ते बटण दाबून मत देत. साधारण चोवीस तासांच्या आत पुरेशी मतं झाली तर लिंक पहिल्या पानावर चढे, नाही झाली तर ढिगाच्या तळाशी जाऊन नाहीशी होई. नावडती किंवा खोटी बातमी गाडून टाकण्याचं बटणही होतं.

पहिल्या पानावर पंधरा जागा आणि दिवसाला हजारो नव्या लिंका. या दोन आकड्यांत सगळं नाट्य आहे. ढिगाचं पान इतक्या वेगानं वाहायचं की एखादी लिंक काही मिनिटांतच पुढच्या पानांवर ढकलली जायची. पुढची पानं उलटून पाहणारे फारच थोडे. तरीही ते होते. जेवणाच्या सुट्टीत, रात्री उशिरा, कसल्याही मोबदल्याशिवाय ते कच्चा माल चाळत बसत. चांगली लिंक सापडली की आपल्या ओळखीच्या सभासदांना तिची वर्दी देत. डिगवर ‘मित्र’ जोडायची सोय होती आणि मित्रानं काय टाकलं, कशाला मत दिलं ते आपल्याला दिसे. कॅलिफोर्नियातल्या संशोधक क्रिस्टिना लरमन यांनी डिगच्या मतांचा बारकाईनं अभ्यास केला. बातमीला सुरुवातीची मतं बऱ्याचदा या मित्रजाळ्यातून मिळतात, असं त्यांना दिसून आलं.

याच सुमाराला पालो आल्टोतल्या एचपी लॅब्जमध्ये फँग वू आणि बर्नार्डो ह्युबरमन या दोन संशोधकांनी डिगकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्यांना हवं होतं लोकांच्या लक्षाचं आयुष्य. लाखो माणसांच्या नजरा एखाद्या नव्या गोष्टीवर किती वेळ टिकतात? २००७ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत त्यांचं उत्तर छापून आलं. डिगवरच्या बातमीचं नावीन्य ठरावीक नियमानं ओसरतं आणि ते निम्म्यावर यायला तासाभरापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. छापील दैनिकाला दिवसभराचं आयुष्य असे, साप्ताहिकाला आठवड्याचं. इथे तासाभरात अर्धं आयुष्य संपत होतं. म्हणजे पान ताजं राहायचं तर खालून सतत नवं वर येत राहायला हवं आणि ते वर आणणाऱ्या हातांना विसावा नाही.

हे हात किती मोलाचे होते, याचा दाखला २००६ च्या जुलैत मिळाला. एओएल कंपनीनं नेटस्केप ही आपली जुनी साइट डिगच्या धर्तीवर नव्यानं मांडली होती. तिची धुरा सांभाळणारा जेसन कॅलकॅनिस यानं उघड जाहीर केलं की डिगसारख्या साइटवरच्या अव्वल सभासदांना आपण महिना १,००० डॉलर देऊ, त्यांनी आपल्याकडे येऊन लिंका टाकाव्यात. त्यावर मोठा गदारोळ झाला. हौसेनं करायच्या कामाला पगार लावला म्हणून अनेकांना ते बाजारू वाटलं. मला त्यात कॅलकॅनिसची नजर दिसते. पहिलं पान ताजं ठेवणं हे कष्टाचं काम आहे आणि ते करणारी माणसं मोजकी आहेत, हे त्यानं सगळ्यांच्या आधी पैशांच्या भाषेत सांगितलं.

मोजकी माणसं म्हटलं की दुसरी बाजूही येते. २००६ च्या उन्हाळ्यात कोणीतरी हिशोब मांडला, तेव्हा डिगच्या पहिल्या पानावरच्या निम्म्याहून अधिक बातम्या अवघ्या शंभर सभासदांनी आणलेल्या निघाल्या. हे लोक एकमेकांना मतं देत, त्यामुळे त्यांची लिंक हमखास वर चढे. नवख्यानं तीच बातमी आधी टाकलेली असली तरी ती खालीच राही. ओरड झाली. सप्टेंबरमध्ये रोझनं अल्गोरिदम बदलत असल्याचं जाहीर केलं. आता मतांची नुसती संख्या नव्हे, तर ती किती वेगवेगळ्या माणसांकडून आली तेही मोजलं जाणार होतं. रोज एकमेकांना मतं देणाऱ्यांची मतं हलकी ठरणार होती. फेब्रुवारी २००७ मध्ये अव्वल सभासदांची यादीच साइटवरून काढून टाकली गेली. जानेवारी २००८ मध्ये अल्गोरिदम आणखी कडक झाला, तेव्हा जुन्या जाणत्यांनी बहिष्काराची भाषा केली.

डिगचं निदान बरोबर होतं, असंच माझं मत आहे. त्याच त्या शंभर जणांच्या आवडीनं भरलेलं पान मिनिटामिनिटाला बदललं तरी शिळंच वाटतं. चूक उपायात होती. अनुभवी मंडळींना मागे खेचलं, पण ढिगापाशी बसायला नव्यांनी यावं यासाठी काही केलं नाही. तेच काम रेडिट त्या वेळी शांतपणे करत होतं.

रेडिटचा अल्गोरिदम इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. गणिताची भीती वाटणाऱ्यालाही त्याचं सौंदर्य कळेल. बातमी जुनी होत जाते तसे तिचे गुण कमी करत न्यायचे, हा सरळ मार्ग. पण मग दर मिनिटाला साइटवरच्या सगळ्या बातम्यांचे गुण पुन्हा मोजत बसावं लागतं. रेडिटनं उलट केलं. जुन्याचे गुण कमी केलेच नाहीत. ८ डिसेंबर २००५ ची सकाळ हा शून्यकाळ मानला आणि त्यानंतर जितक्या उशिरा लिंक आली तितके जास्त गुण तिला जन्मतःच दिले. दर ४५,००० सेकंदांना, म्हणजे साडेबारा तासांना, एक गुण. जुनी बातमी जागची हलत नाही, नवी बातमीच तिच्यापेक्षा उंचावर जन्माला येते.

मतांचा हिशोबही तितकाच विचारी होता. दहा मतांना एक गुण, शंभराला दोन, हजाराला तीन. म्हणजे पहिल्या दहा मतांनी जी उंची मिळते, तेवढीच पुढची मिळवायला नव्वद मतं लागतात आणि त्याच्या पुढची मिळवायला नऊशे. आता दोन्ही हिशोब एकत्र मांडा. हजार मतांची बातमी दहा मतांच्या बातमीपेक्षा दोन गुणांनी वर, म्हणजे पंचवीस तासांनी पुढे. कितीही गाजलेली बातमी असो, दीडदोन दिवसांत बेताच्या लोकप्रियतेची नवी बातमी तिला मागे टाकणारच. कोणी संपादक मध्ये पडला नाही तरी पान रोज उलटतं.

आणि पहिल्या दहा मतांना एवढं वजन, याचा अर्थ ती दहा मतं देणारी माणसं सर्वांत मोलाची. रेडिटवर ‘न्यू’ या पानावर बसून न पारखलेल्या लिंका चाळणाऱ्यांना तिथली मंडळी ‘नाइट्स ऑफ न्यू’ म्हणतात, नव्याचे सरदार. ही पदवी कंपनीनं दिलेली नाही, एकमेकांनी दिलेली आहे. तिच्यात थोडी गंमत असली तरी खरा मानही आहे.

या सूत्रात एक खोट होती. बातमीच्या बाजूपेक्षा विरोधात मतं जास्त झाली, म्हणजे बेरीज शून्याच्या खाली गेली, की उशिरा येण्याबद्दल मिळालेले सगळे गुण उणे व्हायचे आणि ती बातमी थेट पाताळात जायची. मोठ्या विभागात याचा फारसा उपद्रव नव्हता. पण जिथे दिवसाला पाच-दहा लिंका येतात अशा छोट्या विभागात, लिंक आल्या आल्या कोणी एक-दोघांनी विरोधी मत टाकलं तर ती पुढच्या कोणाच्या नजरेलाही पडत नसे. २०१३ मध्ये एका प्रोग्रॅमरनं हे उघडपणे दाखवून दिलं आणि पुढे सूत्र दुरुस्त झालं. त्याच वर्षी ‘सायन्स’ या पत्रिकेत लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशाच एका बातम्यांच्या साइटवर त्यांनी लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना, आल्या आल्या, कोणत्याही गुणवत्तेचा विचार न करता एक अनुकूल मत चिकटवून दिलं. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. पहिलं मत पुढच्या मतांना वळण लावतं. म्हणूनच ते कोण देतो, कुठे बसून देतो आणि किती सावधपणे देतो, याला महत्त्व आहे.

पण रेडिटला तारलं ते केवळ सूत्रानं नव्हे. एक पहिलं पान कितीही हुशारीनं फिरवलं तरी त्याच्या जागा तेवढ्याच राहतात, रेडिटवर त्या पंचवीस होत्या. वाचक दहा पटींनी वाढले की त्या पंचवीस जागांवर सगळ्यांना थोडंथोडं आवडेल असंच चढतं: मांजरांची चित्रं, राजकारणातली भांडणं, चटकन हसू येईल असं काही. २००८ साली रेडिटनं कोणाही सभासदाला स्वतःचा विभाग, म्हणजे सबरेडिट, काढायची मुभा दिली. विणकाम, खगोलशास्त्र, एखादं शहर, एखादी भाषा, ज्याला जे हवं ते. प्रत्येक विभागाला स्वतःचं पहिलं पान, स्वतःचा कच्चा ढीग आणि स्वतःचे नियम. ते नियम राबवायला बिनपगारी मॉडरेटर. लाखोंच्या गर्दीत हरवलेल्या नवख्याच्या लिंकला आता चाळीस जणांच्या विभागात दहा मतं मिळू शकत होती आणि तिथून ती मोठ्या पानाकडे चढू शकत होती. नव्याला आत यायला एकाऐवजी हजारो दारं झाली.

डिगकडे त्या वेळी वाचक कितीतरी जास्त होते, दबदबाही जास्त. ऑगस्ट २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’नं केव्हिन रोझला मुखपृष्ठावर छापलं होतं. १ मे २००७ रोजी डिगच्या वाचकांनी स्वतःची ताकदही दाखवली. एचडी डीव्हीडीचं कुलूप उघडणारी बत्तीस अक्षरांची गुप्त किल्ली कोणीतरी डिगवर टाकली. चित्रपट आणि संगणक कंपन्यांच्या संघटनेकडून कायदेशीर नोटीस आल्यावर डिगनं ती काढून टाकायला सुरुवात केली. काढली की पुन्हा येई. मथळ्यात, चित्रात, गाण्यात गुंफून, टोपणनावात लपवून. त्या संध्याकाळी पहिलं पान वरपासून खालपर्यंत त्या किल्लीनं भरलं होतं. शेवटी रोझनं स्वतःच ती किल्ली मथळ्यात घालून जाहीर केलं की आम्ही तुमच्या बाजूनं आहोत, परिणाम काय होतील ते होवोत. त्या दिवशी पान वाचकांचं आहे, हे कंपनीनं मान्य केलं होतं.

तीन वर्षांनी तीच कंपनी ते विसरली. गुंतवणूकदारांचे सुमारे साडेचार कोटी डॉलर डिगमध्ये अडकले होते. गूगलशी विक्रीची बोलणी २००८ मध्ये फिसकटली होती. लोक लिंका फेसबुक आणि ट्विटरवर पाठवू लागले होते. या दडपणाखाली डिगची चौथी आवृत्ती बांधली गेली. नव्या आवृत्तीत वृत्तसंस्था आणि मोठ्या साइटना आपला मजकूर थेट, आपोआप डिगवर ओतता येणार होता आणि वाचकांनी ट्विटरसारखं त्यांच्या मागे जायचं होतं. तिचा सुगावा लागताच, मे २०१० मध्ये ओहेनियननं रोझला एक अनावृत पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की डिगनं लोकांच्या हाती दिलेली सत्ता आता पुन्हा प्रकाशकांकडे जाते आहे. प्रतिस्पर्ध्याचं पत्र होतं, तरी त्यातलं दुःख खोटं वाटत नाही.

२५ ऑगस्ट २०१० रोजी चौथी आवृत्ती आली. बातमी गाडण्याचं बटण गेलं. उपविभाग गेले. आणि ‘अपकमिंग’चं पान, तो कच्चा ढीग, तोही गेला. पहिले काही दिवस साइट सारखी बंद पडत होती, तो त्रास वेगळा. पण तांत्रिक दोष दुरुस्त होतात. ज्या जागेवर बसून माणसं नवं शोधत होती ती जागाच राहिली नव्हती. पहिल्या पानावर आता त्याच पाच-दहा मोठ्या साइटचा मजकूर दिवसभर झळकत होता. घड्याळाच्या हिशोबानं तो ताजाच होता, काही मिनिटांपूर्वीचा. पण तो त्या त्या साइटवर जाऊन कोणालाही वाचता आला असता. त्यासाठी डिगवर यायचं कारण काय?

३० ऑगस्ट हा दिवस डिगच्या सभासदांनी ‘डिग सोडा दिन’ ठरवला. नव्या आवृत्तीनं प्रकाशकांसाठी जो नळ उघडून दिला होता, त्याच नळातून रेडिटच्या लिंका आत येत होत्या. सभासदांनी त्यांनाच मतं द्यायला सुरुवात केली. डिगचं पहिलं पान प्रतिस्पर्ध्याच्या लिंकांनी भरून गेलं. निषेध करून ती माणसं तिथे थांबली नाहीत, त्यांनी आपला मुक्काम रेडिटवर हलवला. डिगनं नंतर काही बटणं परत आणली, नवा मुख्याधिकारी आणला, नोकरकपात केली. जुलै २०१२ मध्ये साइट आणि नाव बेटावर्क्स या कंपनीला विकलं गेलं, तेव्हा त्याची बातमीत आलेली किंमत होती पाच लाख डॉलर. तंत्रज्ञ आणि पेटंटं वेगळी विकली गेली, त्यांचे जास्त पैसे आले. मार्च २०२५ मध्ये रोझ आणि ओहेनियन, एकेकाळचे हे दोन प्रतिस्पर्धी, एकत्र येऊन डिग परत विकत घेत असल्याचं जाहीर झालं.

डिगची पडझड गर्वाची किंवा गुंतवणूकदारांच्या लोभाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते कारण आहेच. पण डिगच्या लोकांना ताजेपणा म्हणजे पुरवठा वाटला, ही मला त्याहून मोठी चूक वाटते. प्रकाशकांकडून मजकुराचा अखंड पुरवठा झाला की पान ताजं राहील, असा तो हिशोब होता.

या सगळ्या काळात ग्रॅहम स्वतः एक छोटी साइट चालवत होता. फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू झालेली ही साइट पुढे हॅकर न्यूज या नावानं ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला रोज साधारण १,६०० वाचक येत, दोन वर्षांत ते २२,००० झाले. तिचं सूत्र रेडिटपेक्षा कठोर आहे. तिथे जुनी बातमी खरोखर खाली ओढली जाते आणि त्या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. मतांच्या संख्येला वयानं भागायचं. वय म्हणजे झालेले तास अधिक दोन, आणि त्याचा १.८ वा घात. सूत्राच्या साध्या रूपात हिशोब केला तर दहा तासांच्या बातमीला नुकत्याच आलेल्या बातमीशी बरोबरी करायला सुमारे पंचवीस पट मतं लागतात.

२००९ मध्ये या दोन वर्षांच्या अनुभवावर ग्रॅहमनं एक निबंध लिहिला. मतांवर चालणाऱ्या साइटवर, मुद्दाम काही केलं नाही तर, ज्या लिंकबद्दल मत बनवणं सर्वांत सोपं असतं तीच जिंकते, असं निरीक्षण त्यात आहे. एखादं चित्र पाहून मत द्यायला दोन सेकंद पुरतात. तीन हजार शब्दांचा लेख वाचून मत द्यायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणानं लेखाला खाली खेचलेलं असतं. म्हणजे ताजेपणासाठी बसवलेलं घड्याळच सखोल लेखनाच्या मुळावर येतं. त्यावर हॅकर न्यूजनं हलक्याफुलक्या लिंकांचे गुण हातानं कमी करण्याची सोय ठेवली, भांडणं पेटलेल्या चर्चा खाली सरकवण्याची व्यवस्था केली. संपादक मागच्या दारानं परत आला, असं कोणी म्हणेल. येऊ दे. माणसाची नजर लागतेच, हे मान्य करण्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

ग्रॅहमनंतर २०१४ पासून त्या साइटची देखभाल करणाऱ्या डॅनियल गॅकल यांच्या काळात एक प्रथा रुळली, ती या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडते. कच्च्या ढिगात पडून राहिलेल्या, एक-दोन मतांवरच संपलेल्या लिंका मॉडरेटर आणि काही जुने वाचक पुन्हा चाळतात. त्यातली एखादी चांगली वाटली की तिला ‘दुसरी संधी’ देतात. ती लिंक काही काळासाठी पहिल्या पानाच्या खालच्या भागात आणून ठेवली जाते आणि तिथून तिनं आपल्या बळावर चढावं किंवा उतरावं. काही वेळा ज्यानं ती टाकली त्याला ईमेल जातं, की तुमची लिंक नजरेतून सुटली होती, कृपया पुन्हा टाका. वर्षभरात ज्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही असं काही पुन्हा टाकायला त्या साइटच्या नियमांतच मुभा आहे. मजकूर जुना असेल तर मथळ्यापुढे कंसात त्याचं साल लिहायचं, एवढीच अट. त्यामुळे त्या तीस जागांच्या पानावर आज सकाळच्या बातमीशेजारी १९७० च्या दशकातला एखादा शोधनिबंध किंवा वीस वर्षांपूर्वी कोणा प्रोग्रॅमरनं लिहून ठेवलेलं टिपण दिसतं आणि त्याखाली कित्येकदा आजच्या बातमीपेक्षा मोठी चर्चा रंगलेली असते. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते आधी कधीच पाहिलेलं नसतं.